लाल कुत्र्याचं गाणं

१

मंगळवारी दुपारी आर्डिथ प्रुइट दात दाखवायला गेली. तासाभरानं परतली, तेव्हा शिवणयंत्राखालच्या पीचच्या खोक्यात अकराऐवजी दहाच वह्या होत्या.

तिनं पोलिसांना फोन केला नाही. परसात जाऊन कुंपणापलीकडे हाक मारली.

"व्हर्ना! अगं ए व्हर्ना! गेली बघ!"

व्हर्ना स्टॅम्प्स हातातला पावटा तसाच टाकून आली. तीस वर्षं ती नॅशव्हिलच्या कोर्टात लघुलेखक होती. खुनी, दरोडेखोर, भांडकुदळ नवराबायको, जे कोणी पिंजऱ्यात उभं राहून बोललं, ते तिनं शब्द न् शब्द उतरवलं होतं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण कान काही निवृत्त व्हायला तयार नव्हते. माणसं काय बोलली हे इतरांच्या लक्षात राहायचं. कोणत्या शब्दांत बोलली, ते व्हर्नाच्या.

"तीच वही?" तिनं विचारलं.

"तीच. बाकीच्या दहा कोणाला हव्यात?"

सगळ्या वह्या एकाच दुकानातल्या, निळ्या पुठ्ठ्याच्या. एकीवरही नाव नाही, आकडा नाही, तारीख नाही. आत मुंगीएवढ्या अक्षरांत पेन्सिलीनं लिहिलेली आर्डिथची गाणी. व्हर्नानं खोक्याशी बसकण मारली.

"तू या कशा लावून ठेवतेस?"

"लिहिल्या तशा. जुनी खाली." आर्डिथ वाकली आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "हे कोणी उलटंपालटं केलं?"

म्हणजे चोरानं एकेक वही उघडून वाचली होती आणि हवी ती सापडल्यावर थांबला होता. कपाटातल्या डब्यात चाळीस डॉलर होते, त्यांना हातही लावलेला नव्हता.

त्या वहीत 'मायच्या दारापर्यंत' होतं. अमेरिकेत रेडिओ असलेलं घर नसेल, जिथं ते गाणं वाजलं नाही. १९५९ साली आर्डिथ शर्टाच्या कारखान्यात कॉलर शिवायची. एका शनिवारी तिनं ते गाणं तबकड्या काढणाऱ्या थोरल्या हॅस्क्यूच्या कचेरीत जाऊन म्हणून दाखवलं. म्हाताऱ्यानं "कळवतो" म्हणून तिला वाटेला लावलं. चार महिन्यांनी तेच गाणं डेल्मर क्रॅबट्रीच्या आवाजात रेडिओवर आलं, आणि तबकडीवर छापलं होतं, गीत आणि संगीत: डेल्मर क्रॅबट्री. आर्डिथनं कुठल्याच कागदावर सही केली नव्हती. पण शर्ट शिवणारीचं ऐकतो कोण?

आता १९८७ उजाडलं होतं. कायदा असा की अठ्ठावीस वर्षं झाली की गाण्याचा हक्क नव्यानं नोंदवायचा, आणि तो मागायचा अधिकार ज्यानं गाणं लिहिलं त्याचा. आर्डिथ याच वर्षाची वाट बघत जगली होती. येत्या सोमवारी निवृत्त जज्ज बीझली आर्डिथचं आणि हॅस्क्यूच्या कंपनीचं ऐकून निवाडा देणार होते, आणि तो मानायचं दोघांनीही कबूल केलं होतं.

"वही कोणाला दाखवली होतीस?"

"दोघांना. एक वेंडेल ओक्स, माझा वकील. दुसरा डेल्मर. तीन आठवड्यांपूर्वी आला होता, समेट करू म्हणून. मी वही त्याच्या मांडीवर टाकली. म्हटलं, वाच, आणि मग बोल समेटाचं."

"वाचली?"

"पानं उलटली. मग टोपी घातली आणि गेला."

"आणि धाकटा हॅस्क्यू?"

"त्याच्या बापानं मला दारातून परत पाठवलं होतं. पोराला मी उंबरा ओलांडू देईन?" आर्डिथ ताठ उभी राहिली. एकसष्टाव्या वर्षीही तिची मान कधी खाली जात नसे. "वही नाही म्हणून मी घरी बसेन असं त्यांना वाटत असेल, तर त्यांनी चुकीच्या बाईचं घर फोडलंय. सोमवारी मी जाणार. रिकाम्या हातानं गेले तरी जाणार."

२

बुधवारी दुपारी व्हर्नानं डेल्मर क्रॅबट्रीला त्याच्या नेहमीच्या खाणावळीत गाठलं. सत्तरीला टेकलेला, पण अजून पांढराशुभ्र कोट आणि चकचकीत बूट. टेक्सासच्या सपाट कापूसपट्ट्यातला माणूस; त्याच्या बोलण्यातला गोडवा ऐकणाऱ्याला पाकात बुडवून काढायचा.

"बसा, बसा, बाईसाहेब! आर्डिथनं पाठवलं वाटतं? माझ्या ताटात विष कालवलंत तरी चालेल, पण जेवून जा."

"काल दुपारी कुठं होतात?"

"घरी झोपलो होतो. साक्षीदार कोणी नाही, बायको तिसरीही सोडून गेली." तो मोठ्यानं हसला. मग आवाज हळू करून त्यानं ती गोष्ट सांगितली, जी गेली अठ्ठावीस वर्षं तो प्रत्येक रंगमंचावर सांगत होता. लहानपणी त्याचा एक तांबडा कुत्रा होता. आई आजारी पडली तेव्हा तो मैलोन् मैल त्याच्याबरोबर चालत घरी आला. "त्या कुत्र्यावरच तर गाणं सुचलं," म्हणाला, आणि टेबलावर बोटांनी ठेका धरून गुणगुणला,

'डोंगर चढता लाल कुत्रा सोबतीला,
मायच्या दारापर्यंत, मायच्या दारापर्यंत.'

"टेक्सासात तुमच्या गावाला डोंगर कुठला?" व्हर्नानं विचारलं.

डेल्मरचा ठेका थांबला. "कवीला डोंगर लागतो, बाईसाहेब."

वाढणारी बाई आली. तिच्यामागच्या भिंतीवर फळा होता, त्यावर हाताएवढ्या अक्षरांत खडूनं लिहिलेलं: आज मासा नाही.

"मला मासा," डेल्मर म्हणाला.

"मासा संपला, मिस्टर क्रॅबट्री."

"अरेच्चा! मग तुझ्या मनाला येईल ते आण. चष्मा घरी राहिला बघ." लगेच तो खिडकीतून रस्त्यापलीकडे बघून हात हलवू लागला. "तो बघा, आमचा जुना ढोलकीवाला! लंगडतोय बिचारा, डाव्या पायानं."

व्हर्नानं कॉफीचा घोट घेतला. पन्नास पावलांवरचा डावा पाय दिसतो आणि पाच पावलांवरचा फळा दिसत नाही, असला चष्मा तिनं अजून ऐकला नव्हता.

३

गुरुवारी वेंडेल ओक्स स्वतःहून आला. हातात अक्रोडाच्या मिठाईचा डबा, चेहरा सुतकी. मिसिसिपीकाठच्या सपाट मुलखातून शिकून वर आलेला, पंचेचाळिशीचा, गोरापान, मऊ हातांचा वकील. आर्डिथला तो मावशी म्हणायचा. व्हर्नाला ते कधीच आवडलं नव्हतं. फी घेणाऱ्यानं नातं जोडू नये.

"मावशी, वही गेली म्हणजे आपला पुरावा गेला," तो म्हणाला. "मी म्हटलं नव्हतं, बँकेत ठेवा म्हणून? असो. हॅस्क्यू एकरकमी द्यायला तयार आहे. चांगली रक्कम आहे. घर रंगवून होईल, दात होतील."

"आणि नाव?"

"नाव डेल्मरचं राहील."

"मग दात नकोत मला. नावाशिवाय चावायचं काय?"

वेंडेलनं सुस्कारा सोडला. "त्या तहानलेल्या कुत्र्याच्या गाण्यापायी उरलेलं आयुष्य भांडणात घालवणार का? मी तुमच्या भल्याचं सांगतो."

"माझं भलं मी साठ वर्षं बघतेय. तुला सोमवारी यायचं असेल तर ये, नाहीतर मी एकटी बोलेन."

"येणार ना, मावशी. मी नाही तर कोण?"

तो गेल्यावर आर्डिथनं मिठाईचा डबा उचलून सरळ कोंबड्यांपुढं उपडा केला. व्हर्ना मात्र जागची हलली नव्हती. वेंडेलच्या बोलण्यातला एक शब्द कुसळासारखा तिच्या कानात अडकला होता, आणि का अडकला तेच तिला समजत नव्हतं.

४

शुक्रवारी सकाळी ती धाकट्या हॅस्क्यूच्या, म्हणजे कर्टिसच्या, कचेरीत गेली. भिंतीभर सोनेरी तबकड्या, आणि त्यांच्या मधोमध 'मायच्या दारापर्यंत'. कर्टिस बापासारखा ओरडत नसे. हसत असे, ते जास्त वाईट होतं.

"चोरी? माझ्यावर संशय?" तो म्हणाला. "व्हर्नाबाई, मला त्यांच्या वहीची गरजच काय? माझ्याकडं हे आहे."

त्यानं एका कागदाची प्रत पुढं सरकवली. पिवळट पान, शाईनं लिहिलेलं पूर्ण गाणं, खाली डेल्मर क्रॅबट्रीची सही आणि तारीख: फेब्रुवारी १९५९. आर्डिथ कचेरीत येण्याआधी दोन महिने.

"कुठं मिळालं?"

"जुन्या कागदांत."

"कोणाला?"

"मिळालं, एवढं पुरे आहे," कर्टिस म्हणाला. "तबकडीवर दोन कडवी आहेत. इथं तिसरंही आहे, जे तेव्हा गाळलं. ज्यानं लिहिलं त्याच्याकडंच जास्तीचं असतं, नाही का? सोमवारी जज्जसाहेबांना हेच दाखवणार. मैत्रिणीला सांगा, अजून वेळ गेलेली नाही."

व्हर्ना ती प्रत घेऊन तडक आर्डिथच्या स्वयंपाकघरात आली. आर्डिथनं चष्मा लावला. वाचता वाचता तिचा रंग उडाला.

"हे तिसरं कडवं... व्हर्ना, हे मी जिवंत माणसापुढं कधी म्हटलेलं नाही."

कागदावर लिहिलं होतं,

'सहा नंबरचा भोंगा आता वाजत नाही,
लाल कुत्र्याला कोणी पाणी पाजत नाही,
उठतो आणि बसतो धुतल्या कपड्यांवर.'

आर्डिथनं ते पुन्हा वाचलं. आणि मग, व्हर्नाला वाटलं ही आता रडणार, तेवढ्यात ती खो खो हसत सुटली.

"पाणी पाजत नाही! अगं, पाजत नाही म्हणे!"

"काय झालं?"

"मी 'मारत नाही' लिहिलं होतं. लाल कुत्र्यावर पाणी मारत नाही." तिनं डोळे पुसले. "व्हर्ना, तो कुत्रा नाही गं. तो रस्ता आहे."

५

आर्डिथ वेस्ट व्हर्जिनियाच्या कोळशाच्या डोंगरांतली. तिथं खाणीतून निघालेल्या टाकाऊ दगडमातीचे ढीग आपोआप पेटायचे आणि वर्षानुवर्षं आतून जळत राहायचे. विझल्यावर उरायची तांबडी खडी. कंपनी तीच रस्त्यांवर अंथरायची. खाणकामगार त्या खडीला लाल कुत्रा म्हणायचे. का, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. उन्हाळ्यात तिची धूळ उठे, म्हणून कंपनीची गाडी रोज पाणी मारून जाई.

"डेल्मरनं पहिल्यांदा ऐकलं तेव्हापासून तो कुत्राच समजतोय," आर्डिथ म्हणाली. "मी कधी सुधारलं नाही. म्हटलं, चोराला अर्थ फुकट कशाला द्यायचा?"

"आणि तिसरं कडवं?"

"ते मी एकाहत्तर साली लिहिलं, बापाच्या अंत्यविधीला गेले होते तेव्हा. आदल्या वर्षी सहा नंबरची खाण बंद पडली. भोंगा नाही, पाण्याची गाडी नाही. आईनं वाळत घातलेल्या चादरींवर तांबडी धूळ. परत आल्यावर जुन्या गाण्याखालीच लिहून ठेवलं, तशाच पेन्सिलीनं. तारीख मी कधी घालत नाही."

सवयीनं सगळं टिपून घेणाऱ्या व्हर्नानं पेन्सिल खाली ठेवली. सारं तिच्या डोळ्यांपुढं स्वच्छ उभं राहिलं. हा कागद लिहिणाऱ्यानं वही वाचली होती. तिसरं कडवं मूळचंच आहे असं तो समजला, आणि वर डोंगरातल्या बाईचं चुकलेलं व्याकरणही त्यानं सुधारलं. कुत्र्यावर पाणी कशाला मारतील? कुत्र्याला पाणी पाजतात.

आणि तेव्हा तिच्या कानातलं कुसळ निघालं.

'तहानलेल्या कुत्र्याच्या गाण्यापायी.' रेडिओवरच्या गाण्यातला कुत्रा चालतो, सोबत करतो. त्याला तहान लागत नाही.

"आर्डिथ," ती हळूच म्हणाली, "सोमवारी तुझ्या शेजारी कोण बसणार आहे, माहीत आहे का तुला?"

६

पण एक गाठ सुटत नव्हती. वही दोघांनी हाताळली होती. वेंडेल शपथेवर म्हणेल, मला काय माहीत, डेल्मरनं चोरली असेल, त्यानंच लिहिलं असेल, सही त्याचीच आहे. आणि डेल्मरला वाचवणारी गोष्ट एकच होती. ती सांगायचा अधिकार व्हर्नाचा नव्हता.

रविवारी चर्च सुटल्यावर ती त्याच्या घरी गेली. ओसरीवरच्या झुलत्या खुर्चीत तो बसला होता. तिनं त्याच्यापुढं कागदाची प्रत धरली.

"हे तुमच्या हातचं आहे म्हणे."

"असेल. कर्टिस म्हणतो तर असेल."

"वाचून दाखवा."

"चष्मा..."

"मिस्टर क्रॅबट्री, मी तीस वर्षं खोटं बोलणाऱ्यांची बोटं बघितली आहेत. तुमची कागदाला शिवायलाही तयार नाहीत."

त्यानं झुलती खुर्ची पायानं थांबवली.

"कधीपासून माहीत आहे?" त्यानं विचारलं. आवाजातला सगळा पाक निघून गेला होता.

"मासा मागितलात तेव्हापासून."

"सात भावंडं होतो आम्ही. कापूस वेचायचा, शाळा कुठली? सही करायला थोरल्या हॅस्क्यूनं शिकवलं. तेवढी चार वळणं येतात." तो एकदम उसळला. "आणि तुम्ही काय सांगणार, मी हे चारचौघांत कबूल करू? मला चोर म्हणा, चालेल. तुरुंगात जाईन. अडाणी म्हणवून घेणार नाही!"

"हा कागद बनावट आहे हे उद्या सिद्ध होणार. मग अकरा वह्यांतून ती एक वाचून शोधणारे आणि हा कागद बनवणारे तुम्ही ठरणार. मी तुमचं गुपित फोडणार नाही. यायचं की नाही, तुम्ही ठरवा."

"निघा इथून," डेल्मर म्हणाला.

७

सोमवारी दहा वाजता हॅस्क्यूच्या कचेरीत लांब टेबलाभोवती सगळे जमले. जज्ज बीझली टोकाला. एका बाजूला कर्टिस. दुसऱ्या बाजूला आर्डिथ आणि तिच्या शेजारी वेंडेल, पुढ्यात चामडी बॅग. डेल्मरची खुर्ची रिकामी होती.

कर्टिसनं कागद ठेवला. जज्जसाहेबांनी तो वाचून आर्डिथकडं पाहिलं. वेंडेल उठणार, तोच आर्डिथ म्हणाली, "बस. माझ्या वतीनं व्हर्ना बोलेल."

"व्हर्ना बोलणार?" जज्जसाहेबांच्या भुवया वर गेल्या. "माझ्या कोर्टात तीस वर्षांत चकार शब्द काढला नाहीस."

"साठवत होते, साहेब."

तिनं आधी वर्तमानपत्राचं कात्रण ठेवलं. शुक्रवारीच तिनं आर्डिथच्या गावच्या छापखान्याला फोन करून ते तातडीच्या टपालानं मागवलं होतं. सहा नंबरची खाण ऑक्टोबर १९७० मध्ये बंद. "एकोणसाठ साली तो भोंगा दिवसातून तीनदा वाजत होता. मग फेब्रुवारी एकोणसाठच्या या कागदावर तो मुका कसा झाला?"

कर्टिसचं हसू जागच्या जागी वाळलं.

मग तिनं लाल कुत्र्याची गोष्ट सांगितली. "ज्यानं हे लिहिलं, त्यानं चोरलेली वही समोर ठेवून लिहिलं, आणि त्याला ती कळली नाही. 'मारत'चं 'पाजत' केलं. त्याच्या मते कुत्रा तहानलेला होता." ती वळली. "मिस्टर ओक्स, गुरुवारी तुम्ही 'त्या तहानलेल्या कुत्र्याच्या गाण्यापायी' म्हणालात. हा कागद आम्ही शुक्रवारी पाहिला. तहानलेला हा शब्द तुमच्याकडं कुठून आला?"

वेंडेल गडबडला नाही. "वही मावशींनीच मला दाखवली होती. वाचताना माझा गैरसमज झाला असेल. तो गुन्हा आहे? वही मिस्टर क्रॅबट्रींनीही पाहिली होती. सही त्यांची आहे. गैरहजरही तेच आहेत."

"गैरहजर नाही," दारातून आवाज आला.

डेल्मर आत आला. पांढरा कोट नव्हता, साधा शर्ट होता. तो बसला नाही.

"साहेब, माझ्या तोंडावर एखादं पुस्तक फेका," तो म्हणाला. "कुठलंही. बायबल फेका. मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही. या हातानं सहीपलीकडं आयुष्यात काही लिहिलेलं नाही. अकरा वह्यांतून एक वही वाचून काढणारा मी नव्हे, आणि हा कागद लिहिणाराही नव्हे. सहीचं म्हणाल, तर माझी सही देशातल्या प्रत्येक जत्रेत फुकट मिळते. बघून गिरवायला काय लागतं?" त्यानं खोलीभर नजर फिरवली, जणू कोणी हसतंय का बघत होता. कोणी हसलं नाही. "आणि गाणं आर्डिथचं आहे. मी ते या खोलीच्या त्या दारामागं उभं राहून ऐकलं. थोरला हॅस्क्यू म्हणाला, तुझं म्हणून गा. मी गायलो."

जज्ज बीझलींनी चष्मा काढला. "मिस्टर ओक्स, वकिलांच्या मंडळाला फोन करण्याआधी एकदाच विचारतो. वही कुठं आहे?"

वेंडेलनं कर्टिसकडं पाहिलं. कर्टिस खिडकीबाहेर बघत होता. चोरीच्या बदल्यात कंपनीचं सगळं वकिलीचं काम त्याला द्यायचं कबूल करणारा माणूस आता ओळख दाखवायला तयार नव्हता. वेंडेलचे मऊ हात बॅगेकडं गेले. वकिलाच्या जातीला कागद जाळवत नाही, आणि न जाळलेली वही पुढं कर्टिसला पुन्हा विकता आली असती. निळा पुठ्ठा टेबलावर आला.

"मला मावशी म्हणायचास," आर्डिथ म्हणाली. एवढंच. तिनं वही उचलून पदरी बांधावी तशी पोटाशी धरली.

वेंडेल गेला. त्याला कोणी दारापर्यंत पोचवलं नाही.

जज्जसाहेबांना निवाडा लिहायला दहा मिनिटंही लागली नाहीत. कर्टिसनं तेवढ्यात सूर बदलला. "आर्डिथबाई, झालं ते झालं. नावं दोन्ही ठेवू. प्रुइट आणि क्रॅबट्री. लोकांना सवय आहे."

"लोकांना सवय लावलीत ती तुम्ही. आता मोडा. एकच नाव. आणि त्या भिंतीवरची तबकडी उतरवा, मी जाताना घेऊन जाणार आहे."

"ती वडिलांची..."

"उतरवा."

कर्टिसनं खुर्चीवर चढून स्वतः ती उतरवली. डेल्मरनं निवाड्याखाली आपली चार वळणं काढली आणि टोपी हातात घेऊन तो उभाच राहिला.

"आर्डिथ," तो म्हणाला, "परवा जत्रेत माझा कार्यक्रम आहे. लोक तेच मागतात. गाऊ की नको?"

व्हर्नाला वाटलं आता ही त्याला जोड्यानं मारेल.

"माफ केलेलं नाही तुला," आर्डिथ म्हणाली. "या जन्मी करेन असंही नाही. पण माझं गाणं चुकीचं गायलेलं मी आता ऐकून घेणार नाही. बस खाली. तीन कडवी आहेत. वाचता येत नाही ना? मग कान उघडे ठेव."

"इथं?" कर्टिस म्हणाला. "ही कचेरी आहे, बाई. अकरा वाजता माझी बैठक आहे."

आर्डिथनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ज्या खोलीतून तिला "कळवतो" म्हणून घालवलं होतं, त्या खोलीत ती खुर्ची मागं सारून उभी राहिली आणि खणखणीत आवाजात गाऊ लागली. बाहेर टंकलेखन यंत्रं एकेक करून थांबली. मुली दारात येऊन उभ्या राहिल्या. डेल्मर डोळे मिटून ओठ हलवत होता, एखाद्या पोरानं पाढे म्हणावेत तसा. तिसऱ्या कडव्यापाशी तिच्यामागून म्हणताना त्यानं सवयीनं आवाजाला एक गोड हेलकावा दिला.

आर्डिथनं टेबलावर थाप मारली.

"साखर नको घालूस. माझा बाप मेलाय त्यात," ती म्हणाली. "पुन्हा. पहिल्यापासून म्हण."